छोट्या गाड्यांचा मोठा दुकानदार

मॉडेल रेल्वे म्हटलं की आपल्याला काय आठवतं? कुणी ग्वाल्हेरला गेलं असेल तर जयविलास पॅलेसमधली, शिंद्यांच्या जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी. नाहीतर लहानपणी वाढदिवसाला मिळालेली, चावी दिली की गोल गोल फिरणारी प्लॅस्टिकची गाडी. पण खऱ्या इंजिनासारखी हुबेहूब, मापात बसणारी छोटी इंजिनं विकणं हाच ज्यांनी आयुष्यभर धंदा केला, अशा एका माणसाची ओळख आज करून घेऊया. नाव वेनमन जोसेफ बॅसेट-लोक. आडनाव वाचून हसू नका, ते अस्सल इंग्लिश आहे!

त्यांचा जन्म 27 डिसेंबर 1877 चा, इंग्लंडमधल्या नॉर्थहॅम्पटन गावचा. हे गाव बुटांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होतं. घरचा धंदा मात्र बॉयलर बनवण्याचा. शाळा लवकर सुटली. काही काळ एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काढून वेनमन वडिलांच्या वर्कशॉपमध्ये शिकायला लागले. म्हणजे आपल्यासारखी आठ सेमिस्टर, सबमिशन, व्हायवा असलं काही नाही. जे शिकले ते लेथवर आणि भट्टीजवळ उभं राहून.

त्या काळात इंग्लंडमध्ये घरच्या घरी छोटी वाफेची इंजिनं बनवणारे बरेच हौशी लोक होते. कारकून, शिक्षक, डॉक्टर, सगळेच. 1898 मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी या लोकांसाठी ‘मॉडेल इंजिनियर’ नावाचं मासिक सुरू केलं. ते वाचून इंजिन कसं बनवायचं हे कळत होतं, पण छोटे व्हॉल्व्ह, छोटे प्रेशर गेज, सिलिंडरची कास्टिंग्ज हे सगळं आणायचं कुठून? बॅसेट-लोक यांनी नेमकी ही अडचण हेरली. वडिलांच्या फर्ममध्ये हिशेब बघणारे हॅरी फ्रँकलिन यांना भागीदार केलं आणि 1899 च्या सुमारास टपालाने माल पाठवायचा धंदा सुरू केला.

आता खरी गोची इथे आहे. टपालाने माल मागवणाऱ्या माणसाला वस्तू हातात घेऊन बघता येत नाही. दुकानदार दिसत नाही, घासाघीस करता येत नाही. तो पैसे आधी पाठवतो ते फक्त भरवशावर. मग भरवसा निर्माण कसा करायचा? बॅसेट-लोक यांचं उत्तर होतं कॅटलॉग. त्यांच्या पहिल्या कॅटलॉगमध्ये वस्तूंचे खरे फोटो हाताने चिकटवलेले होते. चित्रकाराने काढलेलं चित्र वस्तूपेक्षा सुंदर असू शकतं. फोटोत जे आहे तेच दिसतं. पुढे धंदा वाढला तसे रेल्वे, जहाजं, इंजिनं यांचे वेगवेगळे कॅटलॉग निघू लागले.

1900 साली ते पॅरिसचं जागतिक प्रदर्शन बघायला गेले. तिथे जर्मनीतल्या न्युरेम्बर्गच्या बिंग आणि कॅरेट या खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांचं काम त्यांनी पाहिलं. पत्र्याचं काम एकदम सफाईदार, किंमत आवाक्यातली. पण ती होती ‘खेळणी’. धुराडं भलतंच मोठं, चाकं कशीही, आणि रंग कुठल्याच रेल्वेचा नाही. बॅसेट-लोक यांनी त्यांच्याकडून खऱ्या ब्रिटिश इंजिनांसारखी मॉडेल्स बनवून घेतली. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचं ‘ब्लॅक प्रिन्स’ हे त्यातलं सुरुवातीचं गाजलेलं इंजिन. डिझाइनसाठी त्यांना हेन्री ग्रीनली नावाचा इंजिनियर मिळाला आणि ही जोडी जमून गेली.

इथे थोडं टेक्निकल बोलू, शेवटी आपण इंजिनियर! ‘ओ’ गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर 32 मिलिमीटर. ‘वन’ गेज म्हणजे 45 मिलिमीटर. ब्रिटनमध्ये ‘ओ’ गेजसाठी खऱ्या एका फुटाला मॉडेलचे 7 मिलिमीटर हे प्रमाण रूढ झालं. पण सगळंच प्रमाणात छोटं करून चालत नाही. लांबी निम्मी केली की पृष्ठभाग एक चतुर्थांश होतो आणि आकारमान एक अष्टमांश. म्हणजे छोट्या बॉयलरमध्ये पाण्याच्या मानाने पृष्ठभाग जास्त, त्यामुळे उष्णता भराभर निघून जाते. खऱ्या इंजिनाचं ड्रॉइंग नुसतं लहान करून बनवलेलं मॉडेल दिसेल छान, पण धावेलच असं नाही. ग्रीनली यांच्यासारख्या माणसाची गरज लागते ती इथे.

पण हे सगळं गिऱ्हाइकाला कळणार कसं? कुठल्या गेजला किती जागा लागते, रूळ कसे टाकायचे, सिग्नल कुठे लावायचे? माल विकून मोकळं व्हायचं हा बॅसेट-लोक यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी ‘मॉडेल रेल्वे हँडबुक’ काढलं, त्याच्या पुढे कितीतरी आवृत्त्या निघाल्या. 1908 मध्ये लंडनच्या हाय होबर्न भागात दुकान उघडलं. 1909 मध्ये ग्रीनली यांच्या संपादनाखाली मॉडेल रेल्वेवर एक मासिकही सुरू झालं. थोडक्यात, हा दुकानदार मालाबरोबर माहितीही देत होता. गिऱ्हाईक जितकं शहाणं, तितकं ते चांगला माल मागेल हा त्यामागचा हिशेब.

त्यांचा उत्साह टेबलावर मावणारा नव्हता. 1905 मध्ये ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी 15 इंची गेजची, माणसं बसतील अशी छोटी रेल्वे त्यांच्या कंपनीने चालवली. इंजिनाचं नाव ‘लिटल जायंट’. 1915 मध्ये रेव्हनग्लास आणि एस्कडेल ही बंद पडलेली लाइन याच गेजवर पुन्हा सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. ती गाडी आजही धावते. नवीन काही दिसलं की त्यांना ते हवंच असायचं. नॉर्थहॅम्पटनमधलं 78, डर्नगेट हे त्यांचं घर प्रसिद्ध आर्किटेक्ट चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश यांनी आतून नव्याने सजवलं. आज ते बघायला लांबून लोक येतात.

पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला, तेव्हा कंपनी युद्धासाठी लागणारे मापनाचे गेज बनवू लागली. युद्ध संपल्यावर बॅसेट-लोक यांनी बिंगशी पुन्हा संबंध जोडले आणि 1922 मध्ये ‘ओ’ गेजच्या जवळजवळ निम्म्या मापाची टेबलावरची रेल्वे बाजारात आली. सामान्य माणसाच्या छोट्या घरात मावेल अशी! दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या कंपनीने नॉर्मंडीच्या मोहिमेसाठी बांधलेल्या तरंगत्या मलबेरी बंदराची मॉडेल्स बनवली. खेळणं समजली जाणारी वस्तू शेवटी लष्कराच्या कामी आली.

1953 मध्ये बॅसेट-लोक वारले. पुढची गोष्ट त्यांनी पाहिली नाही, आणि बरंच झालं. बाजारात मोठ्या कारखान्यांचा स्वस्त माल आला होता. गिऱ्हाइकं बॅसेट-लोक कंपनीचा फुकट कॅटलॉग मागवायची, निवांत वाचायची, काय घ्यायचं ते ठरवायची, आणि तीच किंवा तशीच वस्तू दुसऱ्या दुकानातून कमी किमतीत घ्यायची! 1964 मध्ये कंपनीने किरकोळ विक्री थांबवून दुकानं विकली आणि 1965 मध्ये धंदा आटोपला.

ज्या कॅटलॉगने कंपनी उभी केली, त्याच कॅटलॉगचा फायदा शेवटी दुसऱ्यांनी घेतला. मग बॅसेट-लोक चुकले का? गिऱ्हाइकाला एवढं शहाणं करायलाच नको होतं का?

मला तसं वाटत नाही. माहिती लपवून धंदा करणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण मॉडेल म्हणजे काय हेच ज्या लोकांना नीट माहीत नव्हतं, त्यांना गेज, प्रमाण, रूळ, सिग्नल समजावून सांगणाऱ्यांत हा माणूस पहिल्या रांगेत होता. बाजारच त्याने तयार केला. साठ-पासष्ट वर्षं टिकलेला धंदा म्हणजे अपयश नव्हे. कंपनीला नडली ती बदललेली किंमत आणि बदललेला काळ.

आणि दोष द्यायचाच तर थोडा गिऱ्हाइकालाही द्यावा लागेल, म्हणजे आपल्याला! कोपऱ्यावरच्या दुकानदाराला अर्धा तास प्रश्न विचारायचे, दहा पार्ट काढून बघायचे, सगळं समजून घ्यायचं, आणि पन्नास रुपये वाचवायला ऑर्डर दुसरीकडेच टाकायची, हे हॉस्टेलमध्ये कोण करत नाही? त्या दुकानदाराने सांगितलेली माहिती फुकट असते, पण ती देण्यासाठी त्याने दुकान उघडं ठेवलेलं असतं. पुढच्या वेळी प्रोजेक्टचं सामान घेताना एवढं लक्षात ठेवूया. नाहीतर एक दिवस विचारायला जाऊ आणि शटर खाली असेल.