सुभेदारांचा पुत्र आणि सीमेचा प्रश्न

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की महाडचे तळे, भारताचे संविधान आणि नागपूरची दीक्षाभूमी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. दोन शेजारी राष्ट्रे भूमीसाठी एकमेकांवर शस्त्र रोखतात तेव्हा काय करावे, याविषयीचे त्यांचे चिंतन मात्र आपल्याकडून फारसे वाचले जात नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. सैनिकाचे जीवन त्यांनी घरातच पाहिले. पुढे व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर ते होते आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. सैन्याचे मोल जाणणाऱ्या या माणसाने युद्धाची किंमतही तितक्याच काटेकोरपणे मोजली.

ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरवरून भारत आणि पाकिस्तान यांच्यात लढाई पेटली. १ जानेवारी १९४९ रोजी शस्त्रसंधी झाली, तरी तंटा मिटला नाही. या काळात बाबासाहेब देशाचे कायदामंत्री होते. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हे त्याचे मोठे कारण आपणांस ठाऊक आहे; परंतु १० ऑक्टोबरच्या निवेदनात परराष्ट्र धोरणाचाही प्रश्न त्यांनी मांडला होता. वर्षाच्या सुमारे ३५० कोटींच्या महसुलातून जवळजवळ १८० कोटी रुपये सैन्यावर खर्च होतात, हे त्यांनी दाखवून दिले. ज्या देशात अन्न आणि उद्योग यांची वानवा होती, तेथे हा भार अखेर गरिबांवरच पडणार होता. काश्मीरची विभागणी करावी, असे त्यांचे मत होते. ते मान्य नसल्यास फक्त काश्मीर खोऱ्यात सार्वमत घ्यावे, असे त्यांनी सुचविले. कारण एकत्रित सार्वमतात जम्मूतील हिंदू आणि लडाखमधील बौद्ध आपल्या इच्छेविरुद्ध पाकिस्तानात ढकलले जातील, अशी त्यांना भीती वाटत होती. भूमीपेक्षा तिच्यावर राहणाऱ्या माणसांचा विचार त्यांनी आधी केला.

म्हणून ते भाबडे शांततावादी ठरत नाहीत. १९५४ साली राज्यसभेत त्यांनी चीनविषयी सावध केले. चीनला ल्हासाचा ताबा घेऊ दिल्याने त्याची सीमा भारताला येऊन भिडली, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. पंचशील हा बौद्ध धम्माचा गाभा असल्याने, पंचशीलाचे नाव घेणारे स्वतःच्या देशातील बौद्धांशी कसे वागतात, हे पाहण्यासही त्यांनी सुचविले. १९६२ चे युद्ध पाहण्यास ते नव्हते.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय युद्धास सिद्ध होतात. दोन्ही पक्षांनी प्रत्येकी दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पंचांनी तंटा सोडवावा, असे सिद्धार्थ संघापुढे मांडतो. सूचना बहुमताने फेटाळली जाते. सिद्धार्थ शस्त्र घेण्यास नकार देतो आणि कुटुंबाची जमीन जप्त होऊ नये म्हणून स्वतः गृहत्याग पत्करतो.

आमच्या मते हे प्रकरण आणि १९५१ चे निवेदन शेजारी ठेवून वाचावे. सीमेवर तणाव वाढला की गावोगावी घोषणा दुमदुमतात. अशा वेळी आपल्या मुलांनी तीन प्रश्न विचारावेत: या भूमीवर कोण राहते, त्यांची इच्छा काय आहे आणि युद्धाचा खर्च कोणाच्या ताटातून जाणार आहे? बहुमत विरोधात असतानाही हे विचारण्याचे धैर्य त्यांच्यात आले, तर या शाळेचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही मानू.

जय भीम! नमो बुद्धाय!