पाचांतून मागे उरलेला वाटसरू

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस वर्षभरासाठी म्हणून चीनला गेले आणि परतले नाहीत, एवढी हकिगत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यात नायकाची भूमिकाही स्वतःच केली आणि कोटणीस हे नाव घरोघरी पोहोचले. मात्र हौतात्म्याच्या तेजात त्या चार वर्षांतला प्रवासी काहीसा झाकला गेला. अपरिचित मुलखात, पाठीवर मावेल तेवढ्या सामानानिशी, एकेक सोबती गमावत चालत राहिलेला तो तरुण समजून घेतला, तर तो तिथे का राहिला याचेही उत्तर सापडू लागते.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. वडील गिरणीत नोकरीला. नगरपालिकेच्या कारभारातही त्यांचा सहभाग असे. कुटुंब मोठे आणि मध्यमवर्गीय. द्वारकानाथ मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि पुढील शिक्षणाच्या तयारीला लागले. त्याच सुमारास जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमधून सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे मदनमोहनलाल अटल प्रमुख, नागपूरचे मोरेश्वर चोळकर उपप्रमुख, कलकत्त्याचे विजयकुमार बसू आणि देवेश मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या बोटीने मुंबईचा किनारा सोडला, तेव्हा कोटणीसांना अठ्ठाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

सप्टेंबरच्या मध्याला पथक कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझोला, उतरले. सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पण महिनाभरातच, २१ ऑक्टोबरला, कँटन जपान्यांच्या हाती गेले. ज्या दाराने पाहुणे आत आले, ते दारच मागे बंद झाले. पुढे हँकाऊ गाठले, तर ऑक्टोबर संपण्यापूर्वी तेही पडले. यांगत्से नदीतून पश्चिमेकडे सरकत पथक चुंगकिंगला, आजच्या चोंगछिंगला, पोहोचले. ठरवलेला मुक्काम हाती लागण्याआधीच मोडावा, अशी ही प्रवासाची सुरुवात होती.

चुंगकिंगमध्ये दोन गोष्टी घडल्या. पहिली आनंदाची. विश्वभारतीत अध्यापन केलेल्या तान युनशान यांनी पाचही जणांना चिनी नावे दिली. प्रत्येकाच्या नावाअखेर ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर आले आणि कोटणीस ‘के दीहुआ’ झाले. दुसरी गोष्ट जिव्हारी लागणारी. सोलापूरहून वडिलांच्या निधनाची वार्ता आली. परत जाण्याची मोकळीक त्यांना होती आणि कुणी बोलही लावला नसता. पण त्यांनी उत्तरेची वाट धरली. जानेवारी १९३९ मध्ये निघालेली त्यांची मोटार शियानमार्गे फेब्रुवारीच्या १२ तारखेला येनानला पोहोचली.

येनान बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेले होते. माणसे, कचेऱ्या, शाळा आणि इस्पितळे पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये राहत होती. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या शरीराला तिथला हाडे गोठवणारा हिवाळा सोसायचा होता. कापूस भरलेला जाड गणवेश, पायात कापडी जोडे आणि रात्री विटांचा रुंद ओटा. चुलीची ऊब त्या ओट्याखालून फिरते आणि अख्खे घर त्यावर निजते. जेवणात मुख्य धान्य होते ते तिकडे ‘श्याओमी’ म्हणून ओळखले जाणारे, म्हणजे आपले राळे. ज्वारीची भाकरी मिळणार नव्हती. पण भरड धान्यावर दिवस काढणारे शेतकरी सोलापूरच्या माणसाला अगदीच परके वाटण्याचे कारण नव्हते.

खरी भिंत भाषेची होती. चिनी भाषेत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो आणि लिपीतील हजारो चिन्हे पाठ करण्यावाचून गत्यंतर नसते. रोग्याला कुठे दुखते हेदेखील दुभाष्याच्या तोंडून विचारावे लागणे हा डॉक्टरचा मोठाच कोंडमारा. कोटणीसांनी नेटाने ती भाषा आत्मसात केली. पुढे ते विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवू लागले आणि चिनीतून लिहूही लागले.

इकडे सोबती कमी होत होते. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच मायदेशी परतले. १९४० च्या आरंभी त्वचारोगाने बेजार झालेल्या अटल यांनाही परतावे लागले. कोटणीस आणि बसू शत्रूच्या पिछाडीच्या डोंगराळ प्रदेशात गेले. जपानी पहाऱ्यातले रेल्वेमार्ग रात्रीच्या काळोखात ओलांडायचे, दिवसा गावकऱ्यांच्या घरात दडायचे, असा तो प्रवास. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून यांनी याच भागात खेचराच्या पाठीवर लादता येईल असे शस्त्रक्रियेचे सामान तयार करवले होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये, जखमेतून झालेल्या रक्तदोषाने, त्यांचा मृत्यू झाला. १९४० च्या उन्हाळ्यात कोटणीस त्यांच्या समाधीच्या समारंभाला उपस्थित होते. परिचर्येचे शिक्षण देणाऱ्या क्वो छिंगलान यांनी त्यांना प्रथम पाहिले ते तिथेच.

त्याच वर्षीच्या मोठ्या लढाईत कोटणीस आणि बसू वेगवेगळ्या आघाड्यांवर गेले. कोटणीसांच्या तुकडीकडे तेरा दिवसांत आठशेवर जखमी आले आणि साडेपाचशेहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, अशी चीनमधील नोंद आहे. पुढे बसू येनानला परतले आणि कोटणीस खऱ्या अर्थाने एकटे उरले. जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. हे रुग्णालय म्हणजे इमारत नव्हे. खेड्यांतल्या घरांत पसरलेल्या खाटा, आणि शत्रूची मोहीम सुरू झाली की उपकरणे खेचरांवर घालून रातोरात हलणारे बिऱ्हाड, असे त्याचे रूप होते.

या एकटेपणात त्यांना माणसे मिळाली. आदर आणि सलगी या दोहोंना जागा असलेल्या ‘लाओ के’, म्हणजे जुन्या ओळखीचे के, या नावाने लोक त्यांना हाक मारू लागले. त्यांच्या सावळ्या वर्णावरून आणि मायेने केलेल्या शुश्रूषेवरून त्यांना ‘काळी आई’ म्हटले जाई, असेही तिकडच्या आठवणींत येते. नोव्हेंबर १९४१ मध्ये छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा जन्मला, त्याचे नाव ‘यिनहुआ’, म्हणजे भारत आणि चीन. सेनापती नी रोंगझेन यांनी ते सुचवले होते. त्या वर्षीच्या जुलैत कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले होते.

शरीराने मात्र साथ सोडली होती. अपस्माराचे झटके वारंवार येत होते. उपचारासाठी हा प्रदेश सोडून जाण्याचा सहकाऱ्यांचा आग्रह त्यांनी मानला नाही. शल्यशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवरील पाठ्यपुस्तक चिनी विद्यार्थ्यांसाठी त्यांनी पूर्ण केले होते आणि दुसऱ्याचे लेखन चालू होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी हेबेई प्रांतातील गेगोंग गावी झटक्यांनीच त्यांचा अंत झाला. वय बत्तीस वर्षे; मुलगा साडेतीन महिन्यांचा.

पुढे यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेऊ लागला, पण १९६७ साली, ऐन तारुण्यात, तो गेला. छिंगलान यांनी दीर्घ आयुष्य उपभोगले, भारताशी नाते जपले आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आणि पुतळा आहे. सोलापुरातील त्यांच्या जन्मघरी स्मारक उभे राहिले आहे आणि चीनहून येणारे पाहुणे ते मुद्दाम पाहतात.

परतण्याची संधी त्यांना वडिलांच्या निधनानंतर होती, अटल निघाले तेव्हा होती, आणि आजारपणातही होती. प्रत्येक वेळी मागे घर होते आणि पुढे कुणाची तरी उघडी जखम. आधी ते एका मोहिमेसाठी थांबले, मग एका रुग्णालयासाठी, आणि अखेरीस शिकवणे अर्धवट राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी. दुसरे पुस्तक अपुरेच राहिले. त्याची शेवटची पाने लिहिली गेली तेव्हा ती भाषा त्यांना परकी राहिली नव्हती.