हबशी मुलाची गोष्ट : मलिक अंबर

आपला बुलढाणा जिल्हा म्हणजे जिजाऊसाहेबांचे माहेर. दरवर्षी १२ जानेवारीला आपल्यापैकी कितीतरी भगिनी सिंदखेडराजाला जाऊन त्यांच्या जन्मस्थानी माथा टेकवितात. मात्र जिजाऊंच्या पित्याने आणि पतीने ज्याच्या कारकिर्दीत तलवार गाजविली, त्या मलिक अंबराची आठवण आपण क्वचितच काढतो. ती काढण्याचे कारण मला आमच्या मंडळाच्या बालवर्गात मिळाले.

गेल्या पावसाळ्यात वर्गातील एका काळ्यासावळ्या मुलीला इतर मुलांनी हबशीण म्हणून चिडविले. मुलगी रडत घरी गेली व दोन शनिवार आलीच नाही. मी मुलांना रागावले, परंतु रागावून मुलांच्या मनातले जात नाही हे आपण सर्व आया जाणतो. म्हणून तिला घरून समजावून आणले आणि त्या शनिवारी सर्वांना खऱ्याखुऱ्या हबश्याची गोष्ट सांगितली. तीच येथे लिहीत आहे.

सुमारे १५४८ साली आफ्रिकेतील हबसाण देशात, म्हणजे इथिओपियात, एक मुलगा जन्मला. त्याचे नाव चापू. कोवळ्या वयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला आणि बाजारामागून बाजार विकला गेला. बगदादमध्ये मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला घेतले. मुलगा चलाख आहे हे पाहून त्याने त्याला लिहावयास, वाचावयास शिकविले व अंबर हे नाव दिले. पुढे तो दक्षिणेत आला तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखानही हबशी, आणि एके काळचा गुलामच! त्याच्यापाशी सुमारे १,००० हबशी होते. राज्यकारभार कसा चालतो, फौज कशी राखतात, हे अंबराने याच धन्याजवळ राहून पाहिले.

१५७५ च्या सुमारास चंगीझखान वारला आणि त्याच्या विधवेने अंबराला मुक्त केले. इतिहासाने या बाईचे नाव जपून ठेवलेले नाही. पण तिच्या त्या एका कृतीने दक्षिणेचा इतिहास पालटला, असे मला वाटते.

पुढली वीस वर्षे अंबराने साध्या शिपाईगिरीत काढली. विजापूरकरांकडे त्याला मलिक ही पदवी मिळाली. १५९५ च्या सुमारास तो निजामशाहीत परतला तेव्हा अभंगखान या हबशी सरदाराच्या हाताखाली त्याच्याकडे जेमतेम दीडशे स्वार होते. १६०० साली चांदबिबीचा अंत झाला आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. राज्य बुडालेच, असे सर्वांना वाटले. अंबराने मात्र निजामशाही घराण्यातील एका राजपुत्राला परंड्यास गादीवर बसविले व पुढे पाव शतक मोगलांना दक्षिण गिळू दिली नाही.

हे त्याला साधले ते माणसे घडविण्याच्या हातोटीमुळे. विकत आलेल्या हबशी पोरांना तो अक्षर आणि शस्त्र दोन्ही शिकवी व आपल्या खास पथकात घेई. तोही गुलाम विकत घेत होता, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. तो काळच तसा निष्ठुर होता. पण आपल्याला मिळालेली विद्या त्याने आपल्यासारख्याच परक्या मुलखात आलेल्या मुलांना दिली. मराठा स्वारांवरही त्याचा तितकाच भरवसा होता, आणि गनिमी काव्याची लढाई त्यांच्याच बळावर त्याने मोगलांशी केली.

१६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीस मोगल आणि विजापूरकर एकत्र चालून आले. अंबराने तलाव फोडून त्यांच्या वाटेत चिखल केला आणि दोन्ही फौजांचा मोड केला. शहाजीराजे त्या वेळी अंबराच्या बाजूने लढले व त्यांचे बंधू शरीफजी तेथे कामी आले. जिजाऊंचे वडील लखुजी जाधव मात्र तोवर मोगलांना मिळालेले होते. एका बाजूस पती, दुसऱ्या बाजूस पिता! त्या दिवसांत जिजाऊंच्या जिवाची काय घालमेल झाली असेल, ते माहेरवाशिणीला सांगावयास नको.

अंबर केवळ लढवय्या नव्हता. जमिनीची प्रत पाहून त्याने सारा ठरविला. ती मलिकंबरी पद्धत म्हणून पुष्कळ काळ लोकांच्या तोंडी राहिली. १६१० साली त्याने खडकी शहर वसविले. तेच पुढे औरंगाबाद व आता छत्रपती संभाजीनगर झाले. डोंगराकडील पाणी जमिनीखालच्या नळांतून त्याने शहरात आणले. तीच नहर-ए-अंबरी. घागर डोईवर घेऊन पाण्यासाठी वणवण केलेल्या आपल्या पिढीला त्या कामाचे मोल वेगळे सांगायला नकोच.

जहांगीर बादशहाला हा माणूस काही केल्या जिंकता आला नाही. तेव्हा त्याने आपल्या आत्मचरित्रात अंबराला त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या दिल्या आणि अंबराच्या कापलेल्या शिरावर आपण बाण मारीत आहोत असे चित्र काढवून घेतले. प्रत्यक्षात ते शीर कधीच त्याच्या हाती लागले नाही. १६२६ साली अंबर वृद्धापकाळाने वारला, तेव्हा मोगलांच्याच बखरकाराने त्याच्या युद्धकौशल्याची व कारभाराची मनमोकळी वाखाणणी केली. खुलताबादेस त्याची व त्याची पत्नी बीबी करीमा हिची कबर जवळजवळ आहे.

गोष्ट संपल्यावर वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या मुलीनेच विचारले की, अंबराला परत आपल्या आईकडे जाता आले का? मला सांगावे लागले की नाही, तो कधीच परत गेला नाही. त्यावर तिला चिडविणाऱ्यांपैकी एक मुलगा उठला आणि आपली पाटी घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसला.

येत्या सुट्टीत मुलांना नहर दाखविण्यास न्यावे असे मनात आहे. ज्या भगिनींना सोबत येणे जमेल त्यांनी अवश्य यावे. आणि घरी एखाद्या लेकराच्या रंगावरून थट्टा निघाली, तर रागावण्याआधी ही गोष्ट सांगून पाहावी.