दारू कोरडी ठेवणारे अमात्य

पीकसंरक्षणाची बंदूक ज्यांच्या घरी आहे, त्यांना पावसाळ्यात काडतुसं सर्दळण्याची धास्ती ठाऊक आहे. रामचंद्रपंत बावडेकरांना ती अख्ख्या गडांची होती. १६७४ साली ते शिवरायांच्या अष्टप्रधानांत अमात्य होते. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे गेले, तेव्हा पंतांनी विशाळगडावरून राज्य सांभाळलं. तिथला पाऊस तुम्हाला काय सांगायचा! पुढे १७१५ च्या आज्ञापत्रात त्यांनी नेम घालून दिला: दारूखाना घरापासून लांब, तळघराला चुन्याचा गच, दारूची मडकी लाकडी माचावर, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन ऊन द्यायचं, परत मोहोर करायची. कणगीखाली आपण फळ्या घालतो, त्यातलाच प्रकार. काडतुसं मात्र उन्हात घालू नका, ती वेगळी चीज. पंत १७१६ च्या सुमारास वारले.