पुणे नगरपालिकेतील जोतीराव

केळापूर तालुक्यातील पांढरकवड्यासारख्या नगरपालिकेच्या गावी घरपट्टीची चतुर्थ वार्षिक आकारणी निघाली की चर्चा होते ती वाढलेल्या आकड्याची. हा पैसा कोणाकडून येतो आणि कोणाच्या दारी जातो, हे क्वचितच विचारले जाते. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पुण्याच्या नगरपालिकेत नेमका हाच प्रश्न लावून धरणारा एक सभासद होता. ते म्हणजे जोतीराव फुले.

1827 साली जन्मलेले जोतीराव 1876 मध्ये सरकारनियुक्त सभासद म्हणून नगरपालिकेत गेले. तोवर 1848 ची मुलींची शाळा आणि 1873 चा सत्यशोधक समाज यांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले होते. त्यापुढे सभासदत्वाची ही वर्षे चरित्रात झाकोळून गेली. वास्तविक ते ठेकेदारीत मुरलेले गृहस्थ. दगड, चुना आणि मजुरी यांचा हिशेब त्यांना कोणी शिकवावा लागत नव्हता.

1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतार्थ शहर सजविण्यासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे जोतीरावांचे म्हणणे. बत्तीस सभासदांत विरोधी मत त्यांचे एकट्याचे पडले. सरकारने नेमलेल्या माणसाने सरकारच्याच सर्वोच्च प्रतिनिधीच्या सन्मानास आड यावे, यातले धाडस आज सहजी ध्यानात येत नाही. मंडईच्या भव्य इमारतीसही त्यांनी असाच विरोध केला. मंडई निरुपयोगी होती असे कोणी म्हणणार नाही. वाद होता तो आधी शाळा की आधी इमारत, एवढाच. 1886 मध्ये ती इमारत खुली झाली आणि कालांतराने तिला नाव मिळाले ते जोतीरावांचेच!

1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी शहरात माळवे आणणाऱ्या शेतकऱ्यास द्याव्या लागणाऱ्या म्युनिसिपालिटीच्या जकातीवर कोरडा ओढला. जकातीचे वर्म त्यांनी अचूक हेरले होते. गाडी हाकणारा हद्दीबाहेरचा. रस्ते, दिवे, शाळा मात्र हद्दीतल्या. कापूस पिकविणाऱ्या केळापूरसारख्या तालुक्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात 1999 मध्ये उठली आणि स्वतःच्या उत्पन्नासाठी त्यांची मुख्य भिस्त घरपट्टीवर आली. ही पट्टी परंपरेने घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर, दुरुस्तीपोटी दहावा हिस्सा वजा घालून बसविली जाते. आकारणीची यादी प्रसिद्ध होते आणि तीवर लेखी हरकत घेता येते. जकातनाक्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला अशी सोय कधीच नव्हती. अर्थात या हरकती आकारणीपुरत्याच; खर्चावर हरकत घेण्याचे काम सभासदांचे.

ते काम जोतीरावांनी नगरपालिकेबाहेरही केले. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात त्यांनी लोकल फंडाचा निदान निम्मा भाग प्राथमिक शिक्षणास द्यावा, अशी मागणी केली. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा खर्च पूर्णपणे सोसावा, असेही सुचविले. त्याच दमात त्यांनी बजावले, की या शाळांची व्यवस्था मात्र सर्वस्वी नगरपालिकांच्या हाती देऊ नये. कारभार आतून पाहिलेल्या सभासदाचे हे मत होते.