चिमणरावांचे जनक : कै. चिंतामण विनायक जोशी

सकाळच्या प्रहरी मंडईच्या उंच मनोऱ्याखाली क्षणभर उभे राहिल्यास एक गृहस्थ हटकून दृष्टीस पडतो. अंगाने किरकोळ, स्वभावाने भिडस्त; चार पैशांकरिता भाजीवालीशी हुज्जत घालू पाहतो आणि अखेर तिने दिलेली भाजी निमूटपणे पिशवीत घालून घरची वाट धरतो. अशाच एका सामान्य गृहस्थाला ज्यांनी मराठी साहित्यात अढळ स्थान मिळवून दिले, त्या चिंतामण विनायक जोशी यांचे हे अल्प चरित्र.

मंडईची ही इमारत १८८६ साली खुली झाली; त्यानंतर सहा वर्षांनी, १९ जानेवारी १८९२ रोजी, पुणे शहरीच चिंतामणरावांचा जन्म झाला. त्यांचे शिक्षणही येथेच झाले. पाली भाषा हा त्यांच्या व्यासंगाचा विषय होता. १९१६ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी पालीच्या अभ्यासकांसाठी इंग्रजीत एक पाठ्यग्रंथ प्रसिद्ध केला. जातककथाही त्यांनी मराठीत आणल्या. पुढे बडोद्यास ते पालीचे अध्यापक झाले व नंतर त्या संस्थानच्या दफ्तरखान्याचा कारभारही त्यांनी सांभाळला. जुनी कागदपत्रे व प्राचीन ग्रंथ यांत दिवस घालविणारा हा पंडित महाराष्ट्राला पोट धरून हसवील, असे कोणास वाटले असते?

परंतु तसे घडले खरे. १९३२ साली ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ व १९३३ साली ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ ही पुस्तके निघाली आणि चिमणराव घरोघरी जाऊन पोहोचले. सोबत त्यांचा धिप्पाड व धीट भाऊ गुंड्याभाऊ होताच. चिमणरावांची पत्नी काऊ आणि मुले मोरू, मैना व राघू. जणू एका झाडावरील पाखरेच! त्यामुळे थोरांसाठी लिहिलेल्या या कथा मुलांनीही आपल्याशा केल्या.

१९४० साली मास्टर विनायक यांनी ‘लग्न पहावे करून’ हा बोलपट काढला. त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी चिंतामणराव निवर्तले. चिमणराव मात्र राहिले. १९७०च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी ही जोडी पुन्हा उभी केली आणि ज्यांनी मूळ पुस्तक हाती धरले नव्हते, तेही या दोघांना ओळखू लागले.

या लोकप्रियतेचे कारण काय? चिमणराव आपली फजिती स्वतःच्या तोंडाने सांगतात. ते दुसऱ्याच्या उणिवेवर बोट ठेवीत नाहीत. प्रथम स्वतःला हसतात आणि मग वाचकाला हळूच उमगते की, हा तर मीच! वर्गात अडखळत वाचणाऱ्या किंवा जुना सदरा घालून येणाऱ्या सोबत्याला हसणे अगदी सोपे आहे. परंतु त्या हसण्याने एक मन दुखावते. स्वतःच्या फजितीवर हसण्यास मात्र नम्रता लागते आणि त्या हसण्यात सर्वांना सामील होता येते. पालकांनीही घरी कधी आपली एखादी फजिती मुलांना मोकळेपणाने सांगावी. त्याने वडीलकीला उणेपणा येत नाही. चिमणरावांना तरी कोठे आला?