लाईफ जॅकेट तपासण्यासाठी बेशुद्ध होणारा डॉक्टर: एडगर पास्क

नवीन फोन बाजारात आणण्याआधी कंपनी तो मुद्दाम खाली पाडते, पाण्यात बुडवते. फोन गेला तर दुसरा घेता येतो. पण लाईफ जॅकेट तपासायचं असेल तर पाण्यात टाकायचं कोणाला? दुसऱ्या महायुद्धात एका ब्रिटिश डॉक्टरने त्यासाठी स्वतःलाच पुढे केलं. भूलशास्त्रात आजही आदराने घेतलं जाणारं हे नाव म्हणजे एडगर पास्क.

पास्क यांचा जन्म १९१२ चा. केंब्रिजला शिकून ते डॉक्टर झाले आणि ऑक्सफर्डमध्ये रॉबर्ट मॅकिंटॉश या नामवंत भूलतज्ज्ञांच्या हाताखाली काम करू लागले. १९४१ मध्ये ते ब्रिटिश हवाई दलाच्या फार्नबरो इथल्या प्रयोगशाळेत दाखल झाले.

तेव्हा वैमानिक जे फुगवता येणारं जॅकेट घालायचे त्याला 'मे वेस्ट' म्हणत. फुगल्यावर छाती भरदार दिसते म्हणून हॉलिवूडच्या नटीवरून पडलेलं हे नाव! हवाई दलाचं १९३२ चं मॉडेल तोंडाने फुंकून फुगवावं लागे. १९४१ च्या मॉडेलमध्ये कार्बन डायऑक्साईडचा छोटा सिलिंडर आला.

पण खरी अडचण वेगळीच होती. समुद्रात पडलेला वैमानिक अनेकदा जखमी किंवा बेशुद्ध असायचा. शुद्धीत असलेला माणूस नकळत हातपाय हलवतो, मान वर धरतो. त्यामुळे त्याच्यावर टेस्ट घेतली तर खराब जॅकेटसुद्धा पास होतं. बेशुद्ध माणसाला मात्र जॅकेटनेच उताणं करायला हवं, आणि त्याचं नाक-तोंड पाण्याबाहेर ठेवायला हवं.

म्हणून पास्क यांनी स्वतः ईथरची भूल घेतली. फुफ्फुसात पाणी जाऊ नये म्हणून श्वासनलिकेत नळी घातली गेली, आणि सहकाऱ्यांनी त्यांना वेगवेगळी जॅकेटं घालून तलावात सोडलं. कोणत्या जॅकेटमध्ये शरीर उताणं होतं आणि कोणत्यात तोंड पाण्याखालीच राहतं, हे त्यातून स्पष्ट दिसलं. हे प्रयोग एकदाच झाले नाहीत, पुन्हा पुन्हा झाले. नळी जरा सरकली असती तर जीवच गेला असता.

ते इथेच थांबले नाहीत. श्वास बंद पडेल इतकी खोल भूल घेऊन त्यांनी कृत्रिम श्वासाच्या पद्धती स्वतःवर तपासून घेतल्या. खूप उंचावरून पॅराशूटने उतरताना ऑक्सिजनअभावी काय होतं, तेही स्वतःवरच बघितलं. १९४४ मध्ये त्यांना ओबीई सन्मान मिळाला. १९४९ मध्ये ते न्यूकॅसलला भूलशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९६६ मध्ये, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

आज जुनी मे वेस्ट जॅकेटं जमवणारे हौशी लोक जगभर आहेत. ते शिक्का, मॉडेलचं साल, सिलिंडर असं सगळं बारकाईने बघतात. तुम्हालाही हा नाद लागला तर एक लक्षात ठेवा: जुनं रबर विरतं, त्यामुळे असं जॅकेट कपाटातच ठेवा, घालून पाण्यात उतरू नका. सिलिंडर भरलेला असू शकतो, त्याचा खटका ओढू नका.

आणि पुढच्या वेळी बोटीत बसाल तेव्हा लाईफ जॅकेटचे पट्टे नीट आवळा. ढिलं जॅकेट वर सरकतं आणि तोंड पाण्यात जातं. बेशुद्ध माणूसही उताणा तरंगला पाहिजे, हे सिद्ध करायला कोणीतरी स्वतःचा जीव पणाला लावला होता.